युरोपात महिनाभर कारशिवाय राहायचंय? मग गाव निवडताना आधी स्टेशन बघा

आमच्या घरी युरोपचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात.

बाबांना पॅकेज टूर हवी असते. बारा दिवस, सहा देश, सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि रात्री वरण-भात. आईचं म्हणणं वेगळं आहे. तिच्या दोन मैत्रिणी अशा टूरवर जाऊन आल्या आणि त्यांना सगळ्यात जास्त काय आठवतं, तर बस. सकाळी सातला बॅगा खोलीबाहेर, आठला बस सुटणार, चाळीस मिनिटांत फोटो काढून परत बसमध्ये. आईचा उजवा गुडघा दुखतो. तिला एकाच गावात तीन-चार आठवडे राहायचंय. सकाळी बाजारात जायचं, भाजी आणायची, दुपारी जरा पडायचं, संध्याकाळी चौकात बसून येणारे-जाणारे बघायचे. मधूनच एखाद्या दिवशी शेजारचं गाव बघून यायचं.

अट एकच. कार भाड्याने घ्यायची नाही. बाबा पुण्यात चाळीस वर्षं गाडी चालवतायत, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायला त्यांची तयारी नाही.

"गाव कुठलं ते तूच शोध, तुझं कामच आहे ते," असं म्हणून आईने विषय माझ्या गळ्यात टाकला. मीही आधी सगळे करतात तेच केलं. 'युरोपातली सर्वांत सुंदर गावं' असं सर्च केलं आणि फोटो बघत बसले. दोन दिवसांनी लक्षात आलं, की आपण चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली आहे. बघायला सुंदर गाव आणि राहायला सोयीचं गाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारशिवाय जायचं असेल तर हा फरक आणखी वाढतो.

हे पैसे आई-बाबांच्या रिटायरमेंटचे आहेत आणि अशी ट्रिप त्यांच्या आयुष्यात बहुधा एकदाच होणार आहे. गाव चुकलं तर दुसरी संधी नाही. तुमच्याही घरी असाच बेत शिजत असेल, तर गाव निवडायचं कसं ते एकदा नीट समजून घेऊ.

मुळात कार का नको?

भारतीय लायसन्सवर युरोपात कार चालवता येते. त्यासाठी आपल्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढावं लागतं. अडचण त्यानंतर सुरू होते.

युरोपातल्या जुन्या शहरांचे मधले भाग शेकडो वर्षांपूर्वी माणसं आणि घोडागाड्यांसाठी वसले. तिथे कारला जागाच नाही. म्हणून बहुतेक शहरांनी तिथे कारवर बंदी तरी घातली आहे किंवा कडक नियम तरी केले आहेत. इटलीत अशा भागाला 'झेडटीएल' म्हणतात. आत शिरताना कॅमेरा तुमच्या नंबरप्लेटचा फोटो काढतो. तिथे कोणी पोलीस शिट्टी मारून थांबवत नाही, त्यामुळे आपण चूक केली हे कळतही नाही. काही महिन्यांनी दंडाची नोटीस घरी येते. भाड्याने कार देणारी कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना कळवण्याचे वेगळे पैसे लावते ते निराळंच.

त्यात पार्किंगचा खर्च, टोल, पेट्रोल आणि विमा. महिनाभर एका गावात राहायचं असेल तर यातले बरेच दिवस कार नुसती उभी राहणार आणि तिचं भाडं चालू राहणार. कारचे पैसे वाचवून तेवढ्यात स्टेशनजवळ जरा चांगलं घर घेता येतं. कारशिवाय जाण्याचा खरा फायदा हाच आहे.

सुंदर गावं कुठे फसवतात?

चार उदाहरणं बघू. चारही गावं जगप्रसिद्ध आहेत आणि चारही ठिकाणी अडचण वेगळी आहे.

पहिलं ऑस्ट्रियातलं हालस्टाट. तळ्याकाठची लाकडी घरं, मागे डोंगर. कॅलेंडरवर तुम्ही हा फोटो नक्की पाहिला असेल. गावाची लोकसंख्या साधारण साडेसातशे आणि रेल्वे स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर. ट्रेनमधून उतरून बोटीने गावात जायचं. एका दिवसासाठी हे फार रम्य आहे. पण महिनाभर राहायचं तर प्रत्येक वेळी बोटीचं आणि ट्रेनचं वेळापत्रक जुळवावं लागेल.

दुसरं इटलीतल्या टस्कनीमधलं सान जिमिन्यानो. मध्ययुगीन उंच मनोऱ्यांचं हे गाव टेकडीवर आहे आणि त्याला रेल्वे स्टेशनच नाही. पोज्जीबोन्सी नावाच्या गावापर्यंत ट्रेनने यायचं आणि पुढे बस पकडायची.

तिसरं व्हेनिस. इथे तर कारचा प्रश्नच नाही, सगळं शहर पायी किंवा बोटीने. पण व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. गुडघा दुखणाऱ्या माणसाला दिवसातून वीस वेळा चढ-उतार, तीही कधी बॅग घेऊन. दुसरा प्रश्न माणसांचा. १९५०च्या सुमारास व्हेनिसच्या जुन्या बेटांवर पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. राहणारे लोक निघून गेले आणि त्यांच्या घरांत पर्यटक आले. गर्दी इतकी वाढली, की एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकांकडून शहरात शिरायचे पैसे घेतले जाऊ लागले.

चौथं स्वित्झर्लंडमधलं झेरमॅट. पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना इथे बंदी आहे. कार टेश नावाच्या गावात ठेवून ट्रेनने बारा मिनिटांत वर यावं लागतं. समोर मॅटरहॉर्नचं शिखर. सोय उत्तम, पण महिनाभराचं भाडं आणि जेवणाचा खर्च ऐकून बाबा थेट पॅकेज टूर बुक करतील.

म्हणजे 'कार नाही' एवढ्यावर भागत नाही. कारशिवाय रोजचं जगणं सोपं व्हायला पाहिजे.

मग कसोट्या कोणत्या?

खूप वाचून, नकाशे बघून आणि आईच्या गुडघ्याचा विचार करून मी पाच प्रश्न काढले. कोणत्याही गावाला हे प्रश्न विचारून बघा.

१. स्टेशन गावापासून किती लांब आहे?

विमानतळावरून गावात आणि गावातून बाहेर, सगळा प्रवास स्टेशनवरूनच होणार. स्टेशनपासून मुख्य चौक पायी वीस मिनिटांच्या आत असावा किंवा थेट ट्राम, बस असावी. सिएनासारख्या सुंदर शहराचं स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि शहर वर. तिथे सरकते जिने बसवलेत म्हणून निभावतं. पण अशी सोय सगळीकडे नसते.

२. गाव सपाट आहे का?

इटली, स्पेन आणि पोर्तुगालमधली बरीच जुनी गावं टेकडीवर आहेत. शत्रूपासून बचाव करायला ते बरं होतं, दूध आणायला नाही. जुन्या भागातली दगडी फरसबंदीही ध्यानात घ्या. फोटोत छान दिसते, पण चाकांच्या बॅगेला आणि गुडघ्याला त्रास देते.

३. गावात माणसं राहतात का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. गावाचं 'कॅरेक्टर' इमारतींइतकंच तिथल्या रोजच्या व्यवहारात असतं. विद्यापीठ आहे का? रोजचा भाजीबाजार आहे का? पर्यटक नसताना जानेवारीतही दुकानं उघडी असतात का? माझा अंदाज असा, की ८० हजार ते ४ लाख वस्तीचं शहर या कामाला बरं. त्याहून लहान असेल तर दहा दिवसांत कंटाळा येतो. मोठं असेल तर मेट्रो बदलत फिरावं लागतं.

४. तासाभरात किती ठिकाणी जाऊन येता येतं?

महिनाभर राहायचं तर निदान सहा-सात ठिकाणं अशी हवीत, जिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल, तेही ट्रेन न बदलता. आणि परतीची शेवटची ट्रेन किती वाजता आहे, तेही रविवारच्या वेळापत्रकात बघा. छोट्या मार्गांवर रविवारी फेऱ्या कमी होतात.

५. घर कसं मिळतं?

महिनाभर हॉटेलमध्ये राहणं परवडत नाही. स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन आणि लिफ्ट असलेलं घर हवं. जुन्या इमारतींमध्ये लिफ्ट नसणं अगदी सामान्य आहे, म्हणून मजला आणि लिफ्ट या दोन गोष्टी घरमालकाला लेखी विचाराच. चार आठवड्यांच्या बुकिंगवर अनेक मालक सूट देतात. घर कायदेशीर आहे ना, तेही तपासा. इटलीत पर्यटकांना भाड्याने देण्याच्या घरांना आता 'सीआयएन' हा नोंदणी क्रमांक सक्तीचा आहे आणि तो जाहिरातीत दिसायला हवा. अनेक शहरांत माणशी, रात्रीच्या हिशेबाने पर्यटक कर लागतो. तोही बजेटमध्ये धरा.

या कसोट्यांवर कोणती गावं टिकतात?

यादी बरीच मोठी होईल. मी पाच निवडली, कारण पाचांचा स्वभाव वेगळा आहे.

बोलोन्या, इटली

वस्ती साधारण चार लाख. इथलं विद्यापीठ १०८८चं, म्हणजे युरोपातलं सर्वांत जुनं मानलं जातं. त्यामुळे रस्त्यावर पर्यटकांपेक्षा विद्यार्थी जास्त दिसतात. शहराची खरी ओळख म्हणजे पोर्टिको. आपल्याकडे जुन्या बाजारपेठांत दुकानांपुढे कमानी आणि खांबांचा झाकलेला फूटपाथ असतो, तसाच, पण शहरभर. सगळे मिळून हे पोर्टिको साधारण ६२ किलोमीटर भरतात. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. ऊन असो की पाऊस, छत्रीशिवाय चालता येतं आणि जुनं शहर बऱ्यापैकी सपाट आहे. सान लुकाच्या टेकडीवरच्या चर्चपर्यंत जाणारा पोर्टिको मात्र जवळपास चार किलोमीटरचा आणि ६६६ कमानींचा आहे. त्याचा शेवटचा टप्पा चढाचा आहे.

स्टेशनपासून मुख्य चौक साधारण वीस मिनिटं पायी. विमानतळावरून स्टेशनवर यायला छोटी मोनोरेल आहे, सात-आठ मिनिटांत पोचवते. या स्टेशनवर एक घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबवून ठेवलंय. २ ऑगस्ट १९८० रोजी इथे झालेल्या बॉम्बस्फोटात ८५ जण मारले गेले, ती ही वेळ. शहराने ती विसरायची नाही असं ठरवलं आहे.

बोलोन्याची मोठी ताकद म्हणजे ते इटलीच्या रेल्वेचं मोठं जंक्शन आहे. मोदेना, फेरारा, पार्मा, रावेन्ना ही सगळी शहरं साध्या ट्रेनने अर्ध्या ते सव्वा तासावर. वेगवान ट्रेनने फ्लोरेन्स साधारण चाळीस मिनिटं आणि व्हेनिस दीड तास. म्हणजे व्हेनिस बघायचं, पण राहायचं नाही.

अडचण? ऑगस्टमधला उकाडा. आणि १५ ऑगस्टच्या आसपास इटलीची मोठी सुट्टी असते, तेव्हा बरीच दुकानं बंद असतात. शाकाहारी लोकांनी एक ध्यानात ठेवावं. इथल्या प्रसिद्ध तोर्तेलीनीच्या सारणात मांस असतं. थोडी मोठी असलेली तोर्तेलोनी मात्र बहुतेक वेळा रिकोटा चीज भरलेली असते. पियादिना ही पोळीसारखी भाकरी पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत मळतात, तेव्हा तेलातली आहे का ते विचारा. आणि पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं. घरी कट्टर शाकाहारी कोणी असेल तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

घेंट, बेल्जियम

वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास. पर्यटक शेजारच्या ब्रुझला जातात आणि घेंटला ट्रेनच्या खिडकीतून बघतात. कालवे, मध्ययुगीन घरं आणि भर शहरातला किल्ला घेंटमध्येही आहे. शिवाय हजारो विद्यार्थी असल्यामुळे शहर संध्याकाळी सहानंतर झोपत नाही. १४३२ मधलं व्हॅन आइक बंधूंचं प्रसिद्ध वेदीचित्र इथल्याच कॅथेड्रलमध्ये आहे.

घेंटने १९९७ मध्ये मधला सुमारे ३५ हेक्टरचा भाग कारमुक्त केला. २०१७ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. मधल्या भागाभोवतीच्या वस्त्यांचे विभाग पाडले आणि एका विभागातून दुसऱ्यात कारने थेट जायचं बंद केलं. आधी बाहेरच्या रिंगरोडवर या, मग आत शिरा. त्यामुळे जवळच्या अंतराला सायकल आणि ट्राम सोपी झाली, कार कटकटीची.

मुख्य स्टेशन जुन्या भागापासून दोन-अडीच किलोमीटर लांब आहे, पण थेट ट्राम आहे. ब्रुझ आणि ब्रसेल्स ट्रेनने साधारण अर्ध्या तासावर, अँटवर्प तासाभरावर. शाकाहारी लोकांसाठी खास गोष्ट म्हणजे २००९ पासून घेंट शहर दर गुरुवारी 'व्हेजी डे' पाळतं. त्यामुळे शाकाहारी जेवणाला इथे कोणी भुवया उंचावत नाही. अडचण हवेची. पाऊस कधीही येतो, आणि डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा असतो.

फ्रायबुर्ग, जर्मनी

ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याचं, सव्वादोन लाखांच्या पुढच्या वस्तीचं विद्यापीठाचं शहर. जुन्या गल्ल्यांमधून पाण्याचे छोटे उघडे पाट वाहतात. चुकून पाटात पाय पडला तर तुमचं लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होणार, असं गमतीने म्हणतात. ज्यांचं लग्न झालंय त्यांनीही पाय जपावा, घोटा मुरगळू शकतो. कॅथेड्रलभोवती रविवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. स्टेशनपासून जुना भाग पायी दहा-पंधरा मिनिटांवर आणि ट्रामचं जाळं उत्तम. शहरातला फोबान हा भाग तर कारशिवाय राहणाऱ्यांची वस्ती म्हणून जगभरचे नगररचनाकार बघायला येतात.

मुंबईहून जाणाऱ्यांना हे सोपं पडतं. मुंबई-फ्रँकफर्ट थेट विमान आहे आणि फ्रँकफर्ट विमानतळाच्या खालीच स्टेशन आहे. तिथून फ्रायबुर्ग दोन-सव्वादोन तास. अडचण रविवारची. जर्मनीत रविवारी किराणा दुकानंसुद्धा बंद असतात. शनिवारी दूध आणायला विसरलात, तर सोमवारपर्यंत काळा चहा.

ल्युब्लियाना, स्लोव्हेनिया

देशाची राजधानी, पण वस्ती तीन लाखांच्या आत. २००७ पासून जुना भाग कारसाठी बंद होत गेला आणि नदीकाठ कॅफेंनी भरला. २०१६ मध्ये युरोपची 'ग्रीन कॅपिटल' म्हणून याच शहराची निवड झाली होती. शहराला आजचा चेहरा दिला तो योझे प्लेचनिक या वास्तुविशारदाने. तीन पुलांचा जोडपूल, नदीकाठचा बाजार, हे सगळं त्याचं. त्याच्या कामाला २०२१ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला.

आईला आवडलेली गोष्ट म्हणजे 'कावालिर'. कारमुक्त भागात फिरणाऱ्या या छोट्या विजेच्या गाड्या आहेत. ज्येष्ठांना आणि ज्यांना चालायला त्रास होतो त्यांना त्या फुकट नेऊन सोडतात. कार बंद केल्यावर म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं, याचं उत्तर महापालिकेनेच दिलंय. अडचण अशी, की इथल्या ट्रेन हळू आहेत. ब्लेडच्या तळ्यासारख्या ठिकाणी जायला बसच बरी पडते, साधारण सव्वा तास. भारतातून थेट विमानही नाही.

पॉन्तेवेद्रा, स्पेन

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातलं, गालिसिया प्रांतातलं ८० हजारांच्या थोड्या वरच्या वस्तीचं शहर. १९९९ मध्ये मिगेल आन्शो फर्नांदेस लोरेस महापौर झाले आणि जुन्या भागातून कार हटवायला सुरुवात झाली. या शहराने मेट्रोच्या नकाशासारखा एक नकाशा काढला, त्याचं नाव मेट्रोमिनुतो. त्यात स्टेशनांऐवजी शहरातली ठिकाणं आहेत आणि रेषांवर पायी लागणारी मिनिटं लिहिलीत. शहरात मेट्रो नाहीच. तुम्हाला वाटतं त्याहून सगळं जवळ आहे, हे लोकांना पटवायला काढलेला नकाशा आहे तो.

चौकात मुलं फुटबॉल खेळतायत आणि आजी-आजोबा बाकावर बसलेत, असं दृश्य इथे रोजचं. ट्रेनने व्हिगो साधारण अर्ध्या तासात आणि सान्तियागो तासाभराच्या आत येतं. अडचण अशी, की इंग्रजी कमी, पाऊस जास्त, रात्रीचं जेवण नऊनंतर आणि जेवणात मासे फार. मालवणी किंवा गोवेकर घराला ही शेवटची अडचण वाटणारच नाही.

व्हिसाचं काय?

ही पाचही शहरं शेंगेन देशांत आहेत, म्हणजे एका व्हिसावर सगळीकडे जाता येतं. नियम असा, की कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पण तुमच्या व्हिसावर जेवढे दिवस लिहिलेत तेवढेच तुमचे. ९० दिवस आपोआप मिळत नाहीत.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मुंबई-पुण्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून लवकर हालचाल करा. जून २०२४ पासून मोठ्या माणसांची फी ९० युरो आहे, व्हिसा सेंटरचे पैसे वेगळे. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

एका गावात राहण्याचा इथे फायदा होतो. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, तर जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. सहा देशांची टूर स्वतः आखली तर हे गणित किचकट होतं. एक घर आणि एक बुकिंग असेल तर कागद कमी लागतात आणि सगळा बेत एका पानात समजावता येतो.

पास काढायचा की तिकीट?

भारतातून जाणारे बरेच लोक आधी युरेल पास काढतात. रोज नव्या देशात जाणाऱ्यांना तो उपयोगी पडतो. एका जागी राहणाऱ्याने मात्र आधी हिशेब करावा. इटलीतल्या प्रादेशिक ट्रेनची तिकिटं स्वस्त असतात आणि त्यांचे दर आयत्या वेळी वाढत नाहीत. वेगवान ट्रेनचे दर मात्र विमानासारखे बदलतात, आणि पास असला तरी त्यांचं आरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

जर्मनीत 'डॉइचलांड-टिकेट' आहे. मे २०२३ मध्ये ते महिना ४९ युरोंना सुरू झालं, नंतर किंमत वाढत गेली. त्यात देशभरच्या लोकल ट्रेन, ट्राम आणि बस येतात, वेगवान आयसीई ट्रेन येत नाहीत. ते वर्गणीसारखं आहे. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात. घरी परत आल्यावर ही आठवण झाली तर उपयोग नाही.

इटलीत संपाची सवय ठेवा. ट्रेनचे संप आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक प्रादेशिक ट्रेन चालवाव्याच लागतात. विमानाच्या दिवशी संप नाही ना, एवढं आठवडाभर आधी तपासा.

बुकिंगआधी अर्धा तास हे करा

कोणतंही घर बुक करण्याआधी नकाशा उघडा. घरापासून चार ठिकाणांचं पायी अंतर मोजा: स्टेशन, किराणा दुकान, औषधाचं दुकान आणि भाजीबाजार. प्रत्येक अंतर कागदावर मिनिटांत लिहा, पॉन्तेवेद्राच्या मेट्रोमिनुतोसारखं. नकाशातली मिनिटं धडधाकट माणसाची असतात, आई-बाबांसाठी दीडपट धरा. मग रस्त्याचे फोटो बघत त्या वाटेने एकदा स्क्रीनवर चालून या. पायऱ्या दिसतील, चढ दिसेल, बसायला बाक आहेत का तेही दिसेल. शेवटी कुठलाही एक रविवार निवडून जवळच्या शहरातून परत यायच्या ट्रेन मोजा.

हे चारही आकडे बरे आले तर फोटो बघायला हरकत नाही.

मग आमचं काय ठरलं?

बाबांनी पाचही गावांचे कागद टेबलवर मांडले आणि आधी विमानाचं भाडं बघितलं. त्यांचं मत फ्रायबुर्ग. आईने गुडघा, पाऊस आणि बाजार या क्रमाने बघितलं आणि बोलोन्यावर बोट ठेवलं. छताखालचा सपाट फूटपाथ आणि रोजची ताजी भाजी, तिला एवढंच पुरेसं होतं. सप्टेंबरच्या शेवटापासून चार आठवडे, म्हणजे उकाडाही नाही आणि धुकंही नाही. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, हे तिने मला मालकाकडून लेखी घ्यायला लावलं.

बाबांची एक अट मात्र मान्य झाली. कुकर बॅगेत जाणार.